दुसरी चावी कुठे आहे?

गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी जे प्रश्न विचारते, त्यातला एकही प्रश्न ती विमा विकताना विचारत नाही.

चोरीनंतर कंपनीने नेमलेला इन्व्हेस्टिगेटर घरी येतो. गाडी कुठे लावली होती, सोसायटीच्या आवारात की रस्त्यावर? गेटवर वॉचमन होता का? कॅमेरा चालू होता का? शेवटची कोणी चालवली? मग तो दोन्ही चाव्या मागतो आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघतो. एक रोजची, बटणांवरची चिन्हं पुसलेली. दुसरी कपाटातली, कोरी. दोन्ही सारख्याच झिजल्या असतील तर का? दुसरी सापडत नसेल तर ती गेली कुठे? डुप्लिकेट करून घेतली होती का, केव्हा, कुणाकडून? चाव्या पाकिटात जातात, पाकिटावर सही होते, फाइल पुढे सरकते.

हे सगळं विचारलंच पाहिजे. खोटे क्लेम होतात आणि त्यांचे पैसे शेवटी प्रामाणिक गाडीवाल्याच्या हप्त्यातूनच जातात. माझा राग आहे तो वेळेबद्दल. याच गाडीचा विमा घेताना मोबाइलवर नुसता नंबर टाकायचा असतो. मॉडेल, वर्ष, इंधन आपोआप भरून येतं, पुढच्या पानावर हप्त्याचा आकडा. गाडी रात्री कुठे उभी असते? बहुतेक ठिकाणी हा रकानाच नसतो. बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत गेटाच्या आत, स्टिल्टखाली उभी राहणारी गाडी आणि मरोळ-साकीनाक्याला पदपथाला खेटून उघड्यावर उभी राहणारी गाडी, दोन्हींचं मॉडेल एक, वय एक, तर हप्ताही जवळपास एकच. चोराला मात्र या दोन गाड्यांतला फरक पहिल्या नजरेत कळतो.

आधी पैसे कशाचे घेतात ते बघू. हप्त्याचे दोन भाग असतात. थर्ड पार्टीचा भाग कायद्याने सक्तीचा, त्याचे दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये, दीड हजार सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. या पैशांतला एक रुपयाही तुमच्या गाडीच्या चोरीसाठी नाही. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल, त्यासाठी तो आहे. चोरी येते दुसऱ्या भागात, ‘ओन डॅमेज’मध्ये, ज्याला एजंट ओडी म्हणतो.

ओडीचा हिशोब ज्या पायावर उभा राहिला, तो २००२ चा मोटर टॅरिफ. त्यात खासगी गाड्यांसाठी देशाचे दोनच झोन केले. ‘ए’मध्ये आठ शहरं: मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद. बाकी सगळा देश ‘बी’. आणि झोन ठरणार तो गाडीची नोंदणी ज्या आरटीओत झाली त्यावरून. दीड हजार सीसीपर्यंतची, पाच वर्षांच्या आतली, पाच लाख किमतीची गाडी धरा. ‘ए’चा दर ३.२८३ टक्के, म्हणजे १६,४१५ रुपये. ‘बी’चा ३.१९१ टक्के, म्हणजे १५,९५५. फरक ४६० रुपये. मुंबईची गर्दी, मुंबईचं पार्किंग, मुंबईतले अपघात आणि मुंबईतली चोरी, सगळं मिळून ४६० रुपये!

मुलुंडला एलबीएस रोडवरून चेकनाका ओलांडला की ठाणं. अलीकडे एमएच-०३, पलीकडे एमएच-०४. आठ शहरांच्या यादीत ठाण्याचं नाव नव्हतं. ठाण्यात नोंदलेली गाडी रोज रात्री मुलुंडच्या नवघर रोडला उभी राहिली तरी कागदावर ती ठाण्याचीच. नंबरप्लेट हाच गाडीचा पत्ता, असं कंपन्यांनी मानून घेतलं.

१ जानेवारी २००७ पासून टॅरिफचं बंधन उठलं. दर कंपन्यांनी आपले आपण ठरवायचे. आज त्या मॉडेल बघतात, शहर बघतात, मागचे क्लेम बघतात आणि त्यावरून सूट कमी-जास्त करतात. जी मॉडेलं जास्त चोरीला जातात, त्यांच्या मालकांना सूट कमी मिळते. पण यातलं चोरीपोटी किती घेतलं आणि अपघातापोटी किती, ही ओळ पॉलिसीच्या कागदावर नसते. भाजीवालीसुद्धा कोथिंबिरीचे वेगळे सांगते. इथे हजारोंचा हप्ता एका आकड्यात गुंडाळून हातात देतात.

आता चोरी टाळणाऱ्याला काय मिळतं ते बघा. टॅरिफमध्ये एक कलम होतं आणि अनेक कंपन्या आजही तेच चालवतात. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्य केलेलं चोरीरोधक उपकरण बसवलं, त्याचं प्रमाणपत्र जोडलं, तर ओडीच्या हप्त्यात अडीच टक्के सूट, जास्तीत जास्त ५०० रुपये. दहा हजारांच्या ओडीवर अडीचशे रुपये. चांगला जीपीएस ट्रॅकर काही हजारांना पडतो, वर सिमकार्डचा वर्षाचा खर्च. अडीचशे रुपयांसाठी हे कोण करेल? आणि ज्याने आपणहून केलं, त्याच्या उपकरणाला ते प्रमाणपत्र नसेल तर त्याच्या हाती काहीच नाही. २००२ मध्ये ५०० रुपये ही बरी रक्कम होती. तेवीस-चोवीस वर्षांत गाड्यांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या, ही मर्यादा जागची हलली नाही.

दुसरीकडे पॉलिसीच्या अटींमध्ये एक वाक्य ठाण मांडून बसलेलं असतं: गाडीचं नुकसान टाळण्यासाठी मालकाने सर्व वाजवी काळजी घेतली पाहिजे. म्हणजे काळजी घेणं हे तुमचं कर्तव्य. न घेतलीत तर क्लेम कापणार. घेतलीत तर हप्ता तेवढाच. असा एकतर्फी करार मला मान्य नाही.

उपनगरातल्या सोसायट्या काळजीवर किती खर्च करतात ते कुठल्याही एजीएमला जाऊन बघावं. कॅमेरे, बूम बॅरिअर, रात्रपाळीचा वॉचमन, गाड्यांवरचे स्टिकर, दर महिन्याच्या मेन्टेनन्समध्ये पार्किंगची वेगळी रक्कम. पार्किंगच्या जागेसाठी तर आपण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलो. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात ऑगस्ट २०१० मध्ये कोर्टाने सांगितलं, स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येणार नाही. एवढं भांडून मिळवलेली, भिंतीच्या आतली, कॅमेऱ्याखालची ही जागा. तिची किंमत विमा कंपनीच्या हिशोबात शून्य.

नंबरप्लेटचंही तेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुलुंड-ऐरोली रस्त्यावरून चोरीला गेल्याची तक्रार विक्रोळी पोलीस ठाण्यात असलेली स्कॉर्पिओ २५ तारखेला कारमायकेल रोडवर जिलेटिनच्या कांड्यांसह सापडली, तेव्हा तिच्यावर दुसऱ्याच गाडीचा नंबर होता. पुढचा तपास कुठे कुठे गेला तो वेगळा विषय. मला त्यातली नंबरप्लेटची गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या नंबरावर कंपन्या सगळा हिशोब बांधतात, तो बदलायला दोन स्क्रू पुरतात. म्हणूनच एचएसआरपी आली: एकदा बसवली की न मोडता निघत नाही अशी, लेझरने कोरलेल्या क्रमांकाची. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही राज्याने ती सक्तीची केली, मोटारीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. मुदतीवर मुदती मिळाल्या, लोकांनी अपॉइंटमेंट घेतल्या, रांगा लावल्या. चोरी अवघड करण्याचा खर्च मालकाच्या खिशातून गेला. त्यापोटी हप्ता उतरल्याचं कुणी ऐकलंय?

जगात हे वेगळ्या तऱ्हेने होतं. ब्रिटनमध्ये गाडीचा विमा घेताना पोस्टकोड विचारतात आणि गाडी रात्री गॅरेजमध्ये, घरासमोर की रस्त्यावर, हेही विचारतात. अमेरिकेत ह्युंदाई-कियाच्या इमोबिलायझर नसलेल्या गाड्या पोरं यूएसबीच्या वायरने चालू करून पळवायला लागली, तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला दोन बड्या कंपन्यांनी काही शहरांत त्या मॉडेलांचे नवे विमे देणंच थांबवलं. मग उत्पादकांना सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं, भरपाई मोजावी लागली. ओंटारियोत, जिथे ब्रॅम्प्टन-मिसिसॉगाला आपली बरीच मराठी मंडळी आहेत, काही कंपन्यांनी चोरांच्या आवडत्या मॉडेलांवर ५०० डॉलरपर्यंत जादा लावले. ट्रॅकर बसवला की ते माफ. या शेवटच्या गोष्टीत मला अर्थ दिसतो. धोका सांगा, त्याची किंमत सांगा, तो कमी केला की किंमत उतरवा.

पोस्टकोडची पद्धत मात्र इथे जशीच्या तशी आणू नये, असं माझं ठाम मत आहे. असल्फ्याच्या डोंगरावर राहणाऱ्या टॅक्सीवाल्याला गाडी खाली रस्त्यावरच लावावी लागते. घाटकोपरला पंतनगरच्या जुन्या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा घरटी गाडी कुणी धरली नव्हती. त्या पत्त्यावर राहतो म्हणून जास्त पैसे घेतले तर घर लहान असल्याचा दंड गाडीवर बसेल. तेव्हा पत्ता मोजू नका, उपाय मोजा. रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने ट्रॅकर बसवला, स्टिअरिंग लॉक लावला, तर त्याला भरघोस सूट द्या, अडीच टक्के नव्हे. जुलै २०२२ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने ‘जेवढी चालवाल तेवढे भरा’ आणि ‘जशी चालवाल तसे भरा’ अशा विम्यांना परवानगी दिली. किलोमीटर मोजता येतात, ब्रेक किती जोरात दाबला ते मोजता येतं, तर गाडीत ट्रॅकर आहे की नाही हे मोजायला काय अडचण आहे?

मोटारवाल्यांचं हे दुखणं. दुचाकीवाल्यांचं याहून मोठं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

सप्टेंबर २०१८ पासून, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर, नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. शोरूममध्ये त्याच्या जोडीला साधारणपणे ओडी एकच वर्षाची असते. कागद एक, मुदती दोन. विकणारा सांगतो, “पाच वर्षं टेन्शन नाही.” घेणारा ते खरं मानतो. वर्ष संपतं, ओडी संपते आणि त्याला पत्ताही नसतो. रस्त्यात हवालदाराने अडवलं तर थर्ड पार्टी चालू असल्यामुळे विम्याचा दंड होत नाही. दंड होत नाही म्हणजे विमा आहे, असं तो धरून चालतो. मग दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी एका सकाळी अंधेरी स्टेशनबाहेरून बाइक जाते. तो पोलिसांत जातो, एफआयआर करतो, पॉलिसी घेऊन कंपनीत जातो आणि तिथे त्याला पहिल्यांदा कळतं की चोरीचा विमा केव्हाच संपला होता. हातात पाच वर्षांची पॉलिसी, मिळणार काही नाही.

ही बाइक कुणाची असते? डिलिव्हरी करणाऱ्या पोराची, कुरिअरवाल्याची, इलेक्ट्रिशियनची. पोट त्या बाइकवर, कर्जाचा हप्ता त्या बाइकवर, आणि ती गेली तरी कर्ज चालूच. १ सप्टेंबर २०१९ पासून नुसती ओडी वेगळी घेता येते. साठ हजारांच्या बाइकला जुन्या तक्त्याने वर्षाला हजार रुपयांच्या आसपास पडेल. हजार रुपये नव्हते म्हणून ती घेतली नाही, असं क्वचितच असतं. ती संपली हे कुणी सांगितलंच नाही, असं जास्त वेळा असतं. थर्ड पार्टी संपायला आली की फोनवर फोन येतात. ओडी संपते तेव्हा कुणी सांगत नाही. म्हणून पॉलिसीच्या पहिल्या पानावर मराठीत ठळक छापा की एवढी एवढी तारीख उलटल्यावर गाडी चोरीला गेली तर एक रुपया मिळणार नाही. एवढी एक ओळ सक्तीची करायला कुठला कायदा बदलावा लागत नाही.

किरकोळ चोऱ्यांचं गणितही एकदा मांडायला हवं. रस्त्यावरच्या गाडीचा साईड मिरर जाणं ही उपनगरातली नेहमीची गोष्ट. ईको व्हॅनचे सायलेन्सर कापून नेतात, कारण आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. मोटारीच्या ओडीत सुट्या भागाच्या चोरीचाही क्लेम करता येतो. पण करून बघा. समजा ओडीचा हप्ता दहा हजार आणि तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, ५० टक्क्यांवर पोचलेला. आरसा सहा हजारांचा, सक्तीची वजावट हजाराची, हाती आले पाच. पुढच्या नूतनीकरणाला बोनस शून्य. मग २०, २५, ३५, ४५ आणि तेव्हा कुठे परत ५०. या पाच नूतनीकरणांत बुडालेली सूट मोजली, हप्ता तोच राहिला असं धरून, तर ५० अधिक ३० अधिक २५ अधिक १५ अधिक ५, म्हणजे १२५ टक्के. साडेबारा हजार. पाच हजार घेऊन साडेबारा हजार परत करायचे! म्हणून जाणकार मेकॅनिक सांगतो, “क्लेम नका करू, साहेब.” लोक क्लेम करत नाहीत, बरेच जण पोलिसांतही जात नाहीत. ज्या चोऱ्यांची नोंदच नाही, त्यांचा धोका कंपनी कशावरून मोजणार?

अख्खी गाडी गेली तर पुढचा रस्ता लांबचा आहे. एफआयआर, कंपनीला कळवणं, आरटीओला पत्र, कर्ज असेल तर बँकेचे कागद. पोलिसांना गाडी सापडली नाही की ते ‘ए समरी’ दाखल करतात: गुन्हा खरा, शोध लागला नाही. ती हद्दीप्रमाणे अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा विक्रोळीच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात मंजूर व्हायची. हा कागद मिळेपर्यंत महिने जातात आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून वजा होत राहतो. शेवटी मिळते ती आयडीव्ही, म्हणजे घसारा वजा करून पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत: दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. तीही आधी बँकेकडे जाते.

या रस्त्यावर वर्षानुवर्षं एक सापळा होता, उशिरा कळवण्याचा. पोलिसांत त्याच दिवशी गेलात, पण कंपनीला काही दिवसांनी कळवलंत, की क्लेम नामंजूर. आयआरडीएआयने सप्टेंबर २०११ मध्येच कंपन्यांना बजावलं होतं की खरा क्लेम केवळ उशिराच्या कारणाने नाकारू नका. तरी नाकारत राहिले. गुरशिंदर सिंग यांचा ट्रॅक्टर चोरीला गेला, एफआयआर त्याच दिवशी झाला, कंपनीला कळवायला ५२ दिवस लागले. सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २४ जानेवारी २०२० रोजी निकाल दिला: पोलिसांत वेळेवर गेला असेल, तर कंपनीला उशिरा कळवलं एवढ्यावरून क्लेम फेटाळता येणार नाही. निकालपत्र लिहिलं आपल्या अमरावतीच्या न्यायमूर्ती भूषण गवई यांनी. २०२३ मध्ये आणखी एक प्रकरण आलं, ड्रायव्हरने चावी गाडीतच ठेवलेल्या ट्रकचं. तिथेही कोर्टाने सगळा क्लेम बुडू दिला नाही, ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. चावी विसरणं ही चूक आहे, पण तिची शिक्षा शंभर टक्के असू शकत नाही.

लोखंडवालाला किंवा वीरा देसाई रोडला हॉटेलबाहेर व्हॅलेच्या हाती चावी देताना मिळणाऱ्या चिठ्ठीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ छापलेलं असतं. ती वाचून गप्प बसू नका. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून १९९८ मध्ये चोरीला गेलेल्या मारुती झेनच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं की गाडी ताब्यात घेतलेल्या हॉटेलला अशा छापील ओळीआड सरसकट लपता येणार नाही. ती चिठ्ठी जपून ठेवा, निदान गाडी परत मिळेपर्यंत.

आणि नूतनीकरणाचा फोन येईल तेव्हा प्रश्न तुम्ही विचारा. माझी ओडी कुठल्या तारखेला संपते? आयडीव्ही किती धरली? ट्रॅकर बसवला तर किती कमी कराल? सोसायटीत कॅमेऱ्याखाली गाडी लावतो, त्याचं काय? उत्तर ईमेलवर मागा. पुढे कधी चोरीचा क्लेम नाकारला, तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येतं. पन्नास लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात, फी नाही, वकील लागत नाही. मुंबईच्या लोकपालांचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर, जीवन सेवा ॲनेक्समध्ये आहे. अंधेरीहून दोन स्टेशनं.